उत्तर बाजूचे तिरके

ठाणे, नौपाडा
६ जानेवारी २०२५

सौ. स्वप्ना भालेराव यांना,

डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयाचं सभागृह रंगवायचं आणि त्याच्या छताचं प्लास्टर दुरुस्त करायचं काम तुम्हाला दिल्याचं चिटणीस हितेश याने कळवलं. मला विचारून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण हल्ली विचारायची पद्धत नाही, कळवायची आहे. मी या संस्थेचा बांधकाम सल्लागार आहे आणि ते सभागृह १९९३ साली माझ्या देखरेखीखाली उभं राहिलं. फोन करू नका. मला ऐकू येत नाही, आणि येतं ते बहुधा ऐकण्यासारखं नसतं.

तुमचं कोटेशन पाहिलं. डोक्यावर तीन प्रकारची अक्षरं आणि एक सोनेरी कमळ. परांचीसाठी मात्र एकच ओळ : 'योग्य ती परांची उभारू.' योग्य ती म्हणजे कोणती? छत सव्वीस फुटांवर आहे. तिथे घोडी आणि त्यावर दुसरी घोडी चढवून प्लास्टर करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पुष्कळांना नंतर इस्पितळातही पाहिलं.

तेव्हा मीच सांगतो. ॲल्युमिनियमचा चाकांचा टॉवर आणा. उंची पायाच्या रुंदीच्या चौपटीच्या आत ठेवा, चारी चाकांना ब्रेक हवेत, आणि माणूस वर असताना टॉवर ढकलायचा नाही. सभागृहाची जमीन सपाट आहे, त्यामुळे काम सोपं आहे.

आणि बांबू आणायचा नाही. बांबू, काथ्या, अनवाणी चढणारी माणसं, नजरेने घेतलेली मापं, हे सगळं अडाणीपण मी त्या सभागृहात पुन्हा येऊ देणार नाही. गाठ किती घट्ट आहे हे बांधणाऱ्यालाही माहीत नसतं. बांबू म्हणजे नाही.

म. वि. आगाशे

ठाकुर्ली
११ जानेवारी २०२५

आगाशे साहेब, जय भीम.

मी शेवटचं पत्र शाळेत असताना लिहिलेलं, तापाच्या रजेचं. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. तुम्ही सांभाळून घेणाऱ्यातले दिसत नाही, तरीही.

कमळ माझ्या मुलीने काढलंय. ते राहील.

आता तुमचा टॉवर. सभागृहाची जमीन सपाट नाही. २०११ साली तिथे खुर्च्यांसाठी पायऱ्या केल्या. मंचापासून मागच्या दारापर्यंत अकरा, प्रत्येक सात इंचांची. खुर्च्या बोल्ट मारून बसवल्यात. तुमचा चाकांचा टॉवर मी खुर्च्यांच्या डोक्यावरून चालवू का? मी मापं घ्यायला दोनदा गेले. हितेश म्हणाला, आगाशे साहेबांना विचारा, तेच सल्लागार. मी विचारलं, ते शेवटचे आत कधी आले होते? तो म्हणाला, मी तरी त्यांना कधी पाहिलं नाही. चौदा वर्षांत तुम्हाला त्या पायऱ्या दिसल्या नाहीत. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, तुमच्याकडेही तेच म्हणत असतील.

मी लोखंडी पाइपांची परांची लावणार आहे. प्रत्येक पायाखाली स्क्रूचा जॅक. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, जॅक फिरवून सगळं एका पातळीत. दोन्ही बाजूंना तिरके पाइप म्हणजे हलणार नाही. वर अखंड फळ्या आणि कठडा. माझा मिस्त्री महेंद्र पंधरा वर्षं हेच करतोय.

एक कळलं नाही. माझ्या कोटेशनमध्ये बांबू हा शब्दच नाही. तुम्ही त्याच्यावर अर्धं पान का खर्च केलं?

स्वप्ना भालेराव

ठाणे
१५ जानेवारी २०२५

सौ. भालेराव,

पायऱ्यांबद्दल हितेशला विचारलं. आहेत म्हणे. मला न विचारता केल्या. ज्या माणसाने ती जमीन ओतून घेतली त्याला कळवायची गरज कुणाला वाटली नाही. नाचता येईना म्हणून यांनी अंगणच वाकडं करून ठेवलं. टॉवर रद्द. पाइपांचा आराखडा पाठवा, तपासून देईन. तुमचा मिस्त्री पंधरा वर्षं करतोय हा काही पुरावा नव्हे. पंधरा वर्षं चुकीचं करणारी माणसं मी पोत्याने पाहिली आहेत.

बांबूबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. मे १९९३. सभागृहाचं उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलेलं. छताचा शेवटचा हात चालू होता. परांची बांधणारा रोकडे नावाचा माणूस भर दुपारी काम टाकून घरी निघून गेला. मागे परांची उत्तरेकडून कलली आणि वर रंग देणारा एक तरुण पोरगा खाली आला. कंबर मोडली. चौकशी मी केली. अहवाल वाचनालयाच्या कपाटात आहे, वाचा : 'बांधणी सदोष, गाठी सैल.' त्यानंतर त्या रोकडेला ठाणे जिल्ह्यात कुणी बांबू धरू दिला नाही, याची व्यवस्था मी केली. निष्काळजी माणसाला एवढी शिक्षा कमीच.

आता कळलं असेल अर्धं पान का खर्च केलं ते.

म. वि. आगाशे

ठाकुर्ली
२१ जानेवारी २०२५

आगाशे साहेब,

तो रोकडे नावाचा माणूस माझा बाप. देवराम रोकडे. भालेराव मी लग्नानंतर झाले.

हे काम मी मुद्दाम घेतलं. ते सभागृह एकदा आतून बघायचं होतं, आणि तुम्ही काय लिहिता तेही बघायचं होतं. बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते कागदावर कसं दिसतं हे आता मला माहीत झालं.

बाबा त्या दुपारी घरी आले कारण मला ताप भरलेला. सात वर्षांची होते मी. शेजारच्या बाईने निरोप पाठवला, बाबांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही मान हलवली. दीड तासाने ते परत गेले तर चांगदेवमामा खाली पडलेला. माझ्या आईचा सख्खा भाऊ, बावीस वर्षांचा. आणि उत्तरेकडचे तिरके बांबू, परांचीला आधार देणारे चारही, बाहेर भिंतीला व्यवस्थित टेकवून ठेवलेले. गाठी सुटल्या नव्हत्या, साहेब. काथ्या कोयत्याने कापलेला होता. बाबांनी हे तुम्हाला सांगितलं, मंडळाला सांगितलं. तुम्ही अहवाल लिहिलात आणि त्यात तिरक्यांचा उल्लेखच नाही. मी वाचला आहे तो.

बाबांनी त्या दिवशी कचऱ्यातून एक गाठ उचलून आणली. ती बत्तीस वर्षं आमच्या शहाडच्या घरी बिस्किटांच्या डब्यात आहे. सोबत पाठवते. हात लावून बघा. दोन्ही टोकं कापलेली आहेत आणि मधली गाठ जशीच्या तशी आहे.

मामा कळव्याला राहतो, लंगडतो. माझ्या बापाच्या सैल गाठीमुळे आपण पडलो असं तो समजतो, कारण शिकलेल्या साहेबाने तसं लिहून दिलंय. बत्तीस वर्षांत तो बाबांशी एक शब्द बोललेला नाही. आई भावाकडे एकटी जाते, बाबा स्टेशनपर्यंत सोडतात आणि परत फिरतात. बाबांनी पुढचं सगळं आयुष्य एका गोदामावर पहारा केला.

मला तुमच्याकडून एकच हवंय. ते तिरके कुणी काढायला सांगितले, ते सांगा.

आणि मी बांबू का वापरत नाही तेही ऐका. बांबू वाईट म्हणून नाही. पायऱ्या तर बांबूला पाइपापेक्षा चांगल्या कळतात, हवा तेवढा कापला की झालं. पण काथ्या कुणीही येणारा जाणारा कोयत्याने कापू शकतो. पाइपाला पाना लागतो, आणि पाना महेंद्रच्या खिशात असतो.

स्वप्ना देवराम रोकडे

ठाणे
२७ फेब्रुवारी २०२५

सौ. भालेराव,

प्रकृतीमुळे उत्तरास उशीर झाला.

तुम्ही पाठवलेला आराखडा तपासला. मंचाजवळच्या ओळीत आणखी दोन तिरके घ्या. जॅकचा स्क्रू फार उघडू नका, एक तृतीयांशापर्यंत ठीक. लादीवर जॅक थेट टेकवू नका, खाली लाकडी फळी घ्या, नाहीतर लादी फुटेल आणि हितेश तुमच्या नावाने शंख करील. बाकी आराखडा बरा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांपेक्षा बरा आहे.

पाकिटातली वस्तू मिळाली. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. काथ्या कुठलाही असू शकतो.

म. वि. आगाशे

ठाकुर्ली
४ मार्च २०२५

आगाशे साहेब,

पाच आठवडे वाट बघितली आणि आलं काय, तर लादी फुटेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुमचं पत्र बाबांना दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, साहेबांनी काय लिहिलंय? मी सांगितलं, जॅकचं लिहिलंय. ते म्हणाले, "जॅकचं बरोबर असेल. त्या माणसाला कामातलं कळत होतं, उगाच खोटं नाही बोलायचं." त्यांच्याकडून तुमचं कौतुक ऐकून मला जेवण गेलं नाही.

परांची उभी राहिली. तुमचे दोन जादा तिरके घेतलेत, कारण सल्ला बरोबर होता. फळ्याही घातल्यात. प्रत्येक खांबावर मी पाटी लावली आहे : 'बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही काढू नये.' तुमच्या काळात अशी एक पाटी असती आणि वाचणारा एक माणूस असता, तर.

हितेशला पाडव्याला कार्यक्रम करायचाय, तीस मार्चला. मंचाकडचा भाग तोपर्यंत होणार नाही असं मी लेखी कळवलं. तो म्हणतो, करून टाकू काहीतरी. या 'काहीतरी'ची मला भीती वाटते. त्या आठवड्यात मी घोडबंदरच्या कामावर असेन, इथे महेंद्र असेल.

गाठ परत पाठवा. कुठलाही काथ्या असेल तर तुम्हाला तिचा काय उपयोग?

स्वप्ना देवराम रोकडे

ठाणे
३१ मार्च २०२५

स्वप्नाबाई,

शुक्रवारचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असणार. वाचनालयाच्या ग्रुपवर तो हितेशने टाकला, वर हसणारी पिवळी तोंडं लावून. एक म्हातारा पाइपाला मिठी मारून पायरीवर बसलाय असं त्यात दिसतं. माझ्या नातीने, उर्वीने, मला दाखवला. ती म्हणते मागे गाणी चालू असल्याने बोललेलं काही ऐकू येत नाही. मला तर गाणीही ऐकू आली नाहीत. म्हणून काय घडलं ते लिहितो.

मी पायऱ्या खरंच आहेत का ते बघायला गेलो होतो. हे खरं नाही. मी तुमची गाठ परत द्यायला गेलो होतो, महेंद्रच्या हातात. टपालाने पाठवायचं धाडस झालं नाही. बत्तीस वर्षांनी त्या दारातून आत गेलो. पायऱ्या आहेत. वाईट बांधल्या आहेत.

महेंद्र रंगाचे डबे उतरवून घ्यायला फाटकाशी गेला होता. वर फळ्यांवर तुमची दोन माणसं पाठीवर झोपून प्लास्टर घासत होती. खाली हितेश आणि मंडपवाल्याची तीन माणसं. त्यांना मंचाशेजारी मोठा एलईडी पडदा उभा करायचा होता आणि तिरके पाइप आड येत होते. मंडपवाल्याने स्वतःचा पाना आणला होता. तुमचा हिशेब तिथे चुकला, पाना कुणाच्याही खिशात असू शकतो. एक क्लॅम्प सैल झालेला होता. पाटी तिथेच लटकत होती आणि त्या माणसाने पाना चालवताना ती अडू नये म्हणून दातात धरली होती.

मी ओरडलो. हितेश माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "काका, दोनच पाइप काढतोय. अर्ध्या तासात परत लावू. काय होतंय?"

हे वाक्य माझं आहे. त्र्याण्णव साली मी तेच बोललो होतो, शब्दही तेच. पाहुण्यांच्या खुर्च्यांची रांग लागत नव्हती. उत्तरेकडचे चार तिरके मध्ये येत होते. रोकडे घरी गेला होता. तो असता तर त्याने काढू दिले नसते, आणि तो नाही हे बघूनच मी काढायला सांगितले. मंडपवाल्यांना त्याच्या गाठी सोडवता येईनात. मी म्हणालो, कापा. वर माणूस आहे हे मला माहीत होतं. अर्ध्या तासाने काय होतंय, असं वाटलं. वीस मिनिटं पुरली.

शुक्रवारी मी हितेशला म्हणालो की तू मूर्ख आहेस. तो हसला. मला मूर्ख म्हणायची सवय आहे आणि त्यांना ऐकायची, त्यामुळे काही उपयोग झाला नाही. नियम सांगितले. त्याने मान हलवली आणि माणसांना हात केला, चालू द्या. मग माझ्याकडे सांगण्यासारखं एकच उरलं. मी त्या पाइपाला धरून खाली बसलो आणि म्हणालो, याच जागी, याच कामासाठी मी तिरके काढायला लावले होते आणि एका पोराची कंबर मोडली, आणि दोष मी बांधणाऱ्यावर ढकलला. मंडपवाल्यांनी पाना खाली ठेवला. हितेशने फोन वर धरला.

महेंद्र धावत आला, क्लॅम्प आवळला, माणसं खाली उतरवली आणि मला उठवलं. उठवताना त्याने दिलेल्या शिव्या हितेशसाठी होत्या असं मी समजतो.

कार्यक्रम काल परांचीसकट झाला. मी गेलो नाही.

हे तुम्ही मागितल्याप्रमाणे कळवलं. वरातीमागून घोडं आहे, जाणतो. तुमच्या वडिलांना सांगा.

मधुसूदन आगाशे

ठाकुर्ली
२ एप्रिल २०२५

आगाशे साहेब,

महेंद्रकडून सगळं कळलेलं. त्या शिव्यांतल्या अर्ध्या तुम्हालाच होत्या.

माझी दोन माणसं शुक्रवारी आपल्या पायांनी घरी गेली. त्याबद्दल आभार मानते, आणि हे लिहायला मला त्रास होतोय तेही सांगते. हितेशला मंडळासमोर उभं करणार आहे, ते माझं मी बघेन.

काल शहाडला जाऊन बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं. 'तो असता तर त्याने काढू दिले नसते' इथे प्रत्येक वेळी थांबवलं. मग म्हणाले, "म्हंजे याला माहीत होतं. मी इतकी वर्सं धरून चाललेलो की साहेबाला खरंच वाटलं गाठ सुटली. माणूस चुकतो." साहेब, माझा बाप बत्तीस वर्षं तुम्हाला संशयाचा फायदा देत होता. तुमच्या पत्राने तेवढं त्यांच्याकडून काढून घेतलं. मला तुमची कीव येईल असं वाटलेलं, नाही आली.

आई म्हणाली, हे पत्र घेऊन मी आत्ता कळव्याला जाते. बाबांनी तिला बसवलं. म्हणाले, "पत्र खाजगी असतं. तो चांगदेव म्हणेल, पोरीने काम केलं म्हणून म्हाताऱ्याने खूश होऊन लिहून दिलं. माझं नाव सरकारी कागदावर गेलेलं. तिथेच दुरुस्त पायजे."

तेव्हा माफी मागायला शहाडला यायचा विचार असेल तर येऊ नका. ते चहा करतील आणि मला ते बघवणार नाही. वाचनालयाच्या कपाटात तुमचा अहवाल आहे. त्याच पानावर, तुमच्या हाताने, शाईने लिहा. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारलेत. हा एक राहिलाय.

आणि गाठ. महेंद्र म्हणतो, तुम्ही त्याला दिलीच नाही.

स्वप्ना

डोंबिवली, वाचनालय
७ एप्रिल २०२५

स्वप्नाबाई,

इथल्या टेबलावर बसून लिहितो आहे. परवा कपाटाची किल्ली द्यायला हितेशने तासभर लावला. जुन्या कागदांवर लिहिता येत नाही, असं तो मला सांगत होता. मी ऐकू येत नसल्याचा पुरेपूर फायदा घेतला.

गाठ द्यायची राहिली नाही, मी दिली नाही. जानेवारीपासून ती माझ्या टेबलावर होती. पहिल्या दिवशीच ती सोडवायला घेतली. सुटली असती तर तुम्हाला दोन ओळींत झटकून टाकणार होतो. नखांनी केलं, सुईने केलं, पाण्यात भिजवून ठेवली, पक्कड लावली. 'काहीच सिद्ध होत नाही' असं तुम्हाला लिहिलं त्या दिवशीही सकाळी दोन तास तेच करत होतो. काथ्या बत्तीस वर्षांचा, कुजत आलेला. आता ती फाइलला बांधून ठेवली आहे, कागदाला भोक पाडून. तिची जागा तिथे आहे.

अहवालावर लिहिलं त्याची नक्कल खाली देतो. मूळ पानावर परवाच शिक्का मारून घेतला, प्रतींची नोंद त्या देऊन आल्यावर आज केली.

'वरील अहवाल खोटा आहे. श्री. देवराम रोकडे यांनी बांधलेल्या परांचीचे उत्तर बाजूचे चारही तिरके बांबू, माणूस वर असताना, बांधणाऱ्याच्या गैरहजेरीत, माझ्या सांगण्यावरून काथ्या कापून काढण्यात आले. अपघात त्यामुळे झाला. बांधणीत दोष नव्हता. त्या परांचीची एक गाठ सोबत जोडली आहे. ती मी स्वतः पाच आठवड्यांहून अधिक काळ तपासली. सुटली नाही.

म. वि. आगाशे, अभियंता

प्रत : श्री. देवराम रोकडे, शहाड.
प्रत : श्री. चांगदेव पगारे, कळवा. समक्ष नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि शहाडला जायला गाडी किती वाजता आहे ते विचारलं.'